नवा म्हणून बसवला तो आमचाच डायनामो

जुन्या गाडीच्या इलेक्ट्रिक कामात माणसाला फसवणं फार सोपं आहे. ब्रेक लागत नसले तर पायाला कळतं, इंजिन ठोकत असलं तर कानाला कळतं. वायरमधून काय जातंय हे मात्र दिसत नाही, आणि ‘वायरिंग जुनं आहे हो’ एवढं म्हटलं की कितीही मोठं बिल खपून जातं. माझ्याकडून असेच पैसे उकळले गेले. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी साठच्या दशकातली, डायनामोवाली, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर असलेली. सेल्फ जड फिरायचा, इंजिन तापलेलं असलं तर कण्हतच. हेडलाइट पिवळट आणि बॅटरी सारखी डाऊन, तीही नवी असताना. जुन्या गाड्यांचं काम करणारा म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं, त्याच्याकडे गाडी नेली.

त्याने गाडी चालू केली, आयडलिंगवर ठेवली आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. ‘बघा साहेब, चार्जिंग नाही. डायनामो गेला.’ लबाडी इथेच होती. डायनामो आयडलिंगला जेमतेम चार्ज करतो, त्यामुळे तो दिवा मिणमिणणं अगदी नॉर्मल आहे. जरा रेस दिली की विझतो. त्याने रेस दिलीच नाही. डायनामो खरंच गेलाय का हे बघायला फार वेळही लागत नाही. त्याच्या दोन्ही वायरी काढायच्या, डी आणि एफ ही टर्मिनल एकमेकांना जोडायची, व्होल्टमीटरची एक पिन तिथे आणि दुसरी डायनामोच्या बॉडीला लावायची आणि हळूहळू रेस वाढवायची. हजार आरपीएमच्या आसपास व्होल्टेज सरळ 20 च्या घरात चढलं तर डायनामो ठणठणीत आहे. रेस त्यापुढे न्यायची नाही.

‘नवा’ डायनामो बसला, काळा कुळकुळीत. गाडी ताब्यात घेताना सेल्फ झकास फिरला, कारण बॅटरी रात्रभर चार्जरवर लावलेली होती. थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. मग म्हणे कटआउट, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा रिले. तोही बदलला, फरक शून्य. मग म्हणे पूर्ण वायरिंगच बदलावं लागेल. गाडी बरेच दिवस त्याच्याकडे उघडी पडून होती. परत आली तेव्हा जिकडेतिकडे नवी टेप, आणि बॅटरी पुन्हा फुल चार्ज.

दोष सापडला तो मोटारींचं काम जाणणाऱ्या एका मित्रामुळे. तो म्हणाला, ‘इग्निशन कॉइलची वायर काढ आणि नुसता सेल्फ मार.’ मी सेल्फ मारला, त्याने चोकच्या केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. केबल चटका बसेल इतकी तापली होती. सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जातो तो इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या अर्थिंगच्या पट्टीतून. पट्टी खराब झाली की तो मिळेल ती वाट धरतो, चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, काहीही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं तिथे तीनच्या वर रीडिंग. डायनामोचं अर्थिंगही इंजिनवरूनच असतं, म्हणून चार्जिंगही अर्धवट होत होतं.

गिअरबॉक्सजवळची ती तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडली होती, निम्म्या तारा तुटलेल्या. बोल्टखाली बॉडीचा रंग तसाच. रंग खरवडून नवी पट्टी लावली आणि तेव्हापासून सेल्फ एका दमात उचलतो.

मग संशय आला म्हणून टेप सोडवली. आत आमचीच जुनी वायर, कडक होऊन तडकलेली. जिथे दिसेल तिथेच तेवढे नवे तुकडे जोडले होते, आणि तेही सगळे लाल. ल्युकास या ब्रिटिश इलेक्ट्रिक पार्ट कंपनीच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थिंगची. ही ओळखच पुसली गेली, आता रस्त्यात काही झालं तर वायर शोधायची कशी? याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

डायनामोवरचा काळा रंग थिनरने पुसला. खाली ठोकलेला नंबर आणि तारीख गाडी घेतानाच्या माझ्या फोटोतल्यासारखीच निघाली. आतले कार्बन (ब्रश) ही जुनेच, झिजलेले. विचारल्यावर म्हणाला, ‘तुमचाच रीबिल्ड करून दिला.’ बिलावर मात्र ‘डायनामो बदलला’ असं त्याच्याच अक्षरात आहे. पैसे परत मिळाले नाहीत.

गाडी देण्याआधी डायनामो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर यांच्यावरच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा. काढलेले पार्ट परत हवेत हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. कुणी ‘अमुक गेलं’ म्हणालं की मीटरवर किती रीडिंग आलं ते विचारा. ज्याने खरंच तपासलंय तो आकडा सांगतोच. आणि ज्यांनी अलीकडे पूर्ण वायरिंग बदलून घेतलंय, त्यांनी डॅशबोर्डखालची टेप वीतभर सोडवून बघा. आत वायर नवी निघाली तर टेप परत गुंडाळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.