सुट्या गेम डिस्क: वॉलेट घेऊ की रिकाम्या केस?

कव्हर हरवलेल्या डिस्कचा ढीग झालाय आणि काय घ्यावं कळत नाहीये म्हणतोस, तर जागा आणि खर्च यात वॉलेटच (डिस्क सरकवायच्या कापडी कप्प्यांची वही) सरस, त्यात वादच नाही. साधी डीव्हीडी केस (एका डिस्कची प्लास्टिकची डबी) 14 मिमी जाड, म्हणजे 50 डिस्कला 70 सेंमी फळी गेली, वॉलेट एका जाडजूड वहीएवढ्या जागेत बसतं.

पण ओरखड्यांचं बघ. वॉलेटमधे डिस्क सरकवताना दरवेळी खालची बाजू कापडावर घासते, मधे धुळीचा एक कण असला की रेघ उठलीच. केसमधे डिस्क मधल्या खुंटीवर धरलेली असते, डेटाचा भाग कशालाच टेकत नाही. काढताना खुंटी दाबायची, कडेने खेचून वाकवायची नाही (हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं).

प्लेस्टेशन 1 च्या डिस्क म्हणजे सीडी, त्यांचा डेटा लेबलच्या अगदी खाली असतो, तिथे खोल ओरखडा गेला की पॉलिश करूनही काही होत नाही, त्यामुळे त्या केसमधेच. गेमक्यूब या निन्टेन्डोच्या कन्सोलच्या 8 सेंमीच्या डिस्क तर वॉलेटच्या मोठ्या कप्प्यातून सरळ घसरून पडतात.

क्वचित काढायच्या, सहज परत मिळतील अशा गेम वॉलेटमधे टाक, फक्त गच्च भरू नकोस. दुर्मिळ, सारख्या लावायच्या किंवा पुढे विकायच्या असतील त्यांना केस घे.