दोगोंगचं लाकडी किट: सांधे झकास, शेपूट आखूड

आयटीआयमध्ये पोरांना रंधा आणि पटाशी धरायला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे खोक्यावर 'खिळा नाही, सरस नाही' असं दिसलं, की मी आधी सांधे तपासतो. हे किट चीनच्या शान्शी प्रांतातल्या फोगुआंग मंदिराचं. तिथलं पूर्व दालन इ. स. ८५७ चं, लाकडी. त्यातल्या एका खांबाच्या माथ्यावरचा जुळणीचा संच, म्हणजे दोगोंग, आपण घरी जोडायचा.

सांधे खरोखर चांगले. कडा स्वच्छ, ठोकळे आणि आडवे हात नुसत्या बोटांच्या दाबाने खाचेत बसतात. पावसाळी हवेत काही कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी टोकं, फुगून अडतात, तेव्हा पॉलिश पेपर हाताशी ठेवा. व्हर्नियर लावला, तर हातांची उंची-रुंदी १५:१० निघाली. ११०३ सालच्या 'यिंगझाओ फाशी' या सरकारी बांधकाम-नियमावलीतलं प्रमाण हेच. इथवर पैकीच्या पैकी.

तक्रार आहे ती आंगची. आंग म्हणजे तिरपा, लांब दांडा. मूळ दालनाची वळचण जवळजवळ चार मीटर बाहेर येते. बाहेरच्या टोकावर वळचणीचा भार, आतली शेपटी तुळईखाली दाबलेली आणि मध्ये खांबाच्या माथ्याचा टेकू. साधी तरफ! किटवाल्यांनी नेमकी शेपटीच कापलीय, बहुधा खोक्यात मावावी म्हणून. वरचा आंग बसवला की अख्खा संच पुढे कलतो आणि सूचनापत्रक शांतपणे सांगतं, 'इथे सरस लावा'. मग खोक्यावर काय लिहिलंत, राव? पुढे चीनमधल्या छिंग राजवटीच्या काळात आंगचं टोक बहुतेक शोभेपुरतंच उरलं. त्या काळातलं म्हणून हे विकलं असतं, तर मी काही बोललो नसतो.

मी सरस लावला नाही. सागाच्या पट्टीतून लांब आंग तासले, शेपटीवर वजन ठेवलं, संच ताठ उभा. पुढच्या टोकावर बोट दाबलं की मागचं वजन उचललं जातं.

पत्रकात आणखी एक खोट. १९३७ मध्ये हे दालन शोधल्याचं श्रेय एकट्या वास्तुइतिहासकार लिआंग सचंग यांना दिलंय. त्यांच्या पत्नी, वास्तुतज्ज्ञ लिन हुइयिन, त्यांच्यासोबत होत्या, आणि तुळईवरचं निंग गोंग्यू या दात्या बाईंचं नाव लिन यांच्याच नजरेला आलं.

पाचपैकी तीन तारे. शोकेससाठी घ्यायला हरकत नाही. वर्गात दाखवायला घेणार असाल, तर आंग स्वतः तासायची तयारी ठेवा.