स्थानिक वाटाड्यासोबत दिवसभराची भटकंती : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी पाच वेळा स्थानिक वाटाड्या घेऊन खेड्यापाड्यांतील जुन्या वास्तू पाहिल्या. पहिल्याच फेरीनंतर लिहायला बसलो असतो तर अभिप्राय कडवट झाला असता, कारण वाटाड्याने सांगितलेल्या सनावळ्या घरी येऊन ताडून पाहिल्या तेव्हा त्यांतल्या तीन चुकीच्या निघाल्या होत्या. सनावळ्या पुस्तकात मिळतात, हे माझ्या ध्यानात यायला पुढच्या दोन फेऱ्या जाव्या लागल्या.

भर दुपारी एका झिजलेल्या शिलालेखापुढे आम्ही उभे होतो आणि मला नुसता खडबडीत दगड दिसत होता. वाटाड्याने छत्रीने ऊन अडवले, विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून एका कडेने प्रकाश पाडला आणि प्रत्येक खाचेत सावली भरून अक्षरे उमटली. पुरातत्त्वाचे अभ्यासकही हीच युक्ती वापरतात. मात्र विजेरी आठवणीने सोबत आणणारा माणूस हवा.

पडक्या भिंतीचे दगड कुठे गेले, हेही त्यालाच ठाऊक असते. एका गोठ्याच्या दारावर उलटा बसवलेला नक्षीचा दगड त्याने दाखवला नसता तर मी पुढे निघून गेलो असतो. इंग्लंडमधील एव्हबरीच्या शिलावर्तुळातले दगड अठराव्या शतकात आगीने तापवून, वर पाणी ओतून फोडले गेले व घरांच्या भिंतींत गेले. तिथे वर्तुळाइतकीच गावातली घरेही पाहावी लागतात. 2018च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील न्यूग्रेंज या प्राचीन दफनस्थळाजवळ बुजलेल्या खड्ड्यांवरचे पीक अधिक हिरवे राहिल्याने एक प्राचीन वर्तुळ ड्रोनमधून दिसले होते. शेताचा कोणता पट्टा शेवटपर्यंत हिरवा राहतो, हे मात्र आमच्या वाटाड्याने बांधावरूनच दाखवले.

तक्रारी आहेतच. किल्ल्यातला गोल जिना उजवीकडे वळतो तो तलवारबाजांच्या सोयीसाठी, ही कथा दोन वाटाड्यांनी ठामपणे ऐकवली. अभ्यासकांना ती मान्य नाही. एकाने ओळखीच्या दुकानात पाऊण तास घालवला. म्हणून चालण्याचे अंतर, वाहनाचा खर्च आणि मधले थांबे मी आता आधीच लिहून घेतो.

पाचव्या फेरीला मी पुन्हा त्या पहिल्याच वाटाड्याला बोलावले आणि निघण्याची वेळ दोन तास अलीकडे घेतली. त्या दिवशी एकही सन विचारला नाही.