साठ माश्यांचा डबा, आठ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये मी ट्राउट मासे धरण्यासाठी साठ फ्लायचा (किड्यांसारख्या दिसणाऱ्या बनावट आमिषांचा) तयार संच ऑनलाइन मागवला. नवशिक्यांसाठी खास, प्लास्टिकच्या डबीसकट २५ डॉलर. आता डिसेंबर आहे. साठांपैकी एकोणचाळीस अजून डबीतच आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फ्लायना पाणीसुद्धा लागलेलं नाही. पाचपैकी दोन गुण देईन. का, ते सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदा फ्लाय घेताना मला जे विचारायला हवं होतं, ते त्या साठांनीच शिकवलं.

मी मूळची चिपळूणची. लहानपणी बाबांबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचे. गळाला गांडूळ नाहीतर कोलंबीचा तुकडा लावायचा, टाकायचा आणि वाट बघायची. त्या आमिषाला वास असतो, चव असते, मासा ते शोधत येतो. फ्लायमध्ये यातलं काहीच नाही. गळावर गुंडाळलेला दोरा, थोडी पिसं, केस, फार तर तांब्याची तार. ट्राउट ती तोंडात घेतो आणि खाण्यासारखं नाही हे कळताच थुंकून टाकतो. म्हणजे ही नुसत्या नजरेला दाखवायची वस्तू आहे. (घरी आम्ही फ्लायला माशीच म्हणतो. माशीने मासा धरायचा, हे माझ्या मुलाला फार आवडतं.)

सध्या आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या दक्षिणेला लिटलटनमध्ये राहतो. तासाभरावर साउथ प्लॅट नदीचं डेकर्स गाव आहे. वरच्या अंगाला १९०५ साली पूर्ण झालेलं चीझमन धरण आणि त्याखालची चीझमन कॅन्यन. कॅन्यनमध्ये फक्त कृत्रिम आमिष चालतं आणि धरलेला प्रत्येक ट्राउट सोडून द्यावा लागतो. तिथले रेनबो आणि ब्राउन ट्राउट रोज कुणा ना कुणाची फ्लाय बघत असतात, त्यामुळे चूक लगेच दिसून येते. याच नदीवर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले.

आधी नंबरांबद्दल. गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. १० नंबरची फ्लाय साधारण शेंगदाण्याएवढी, २० नंबरची जिऱ्याच्या दाण्याएवढी. माझ्या संचात चोपन्न फ्लाय १० ते १४ नंबरच्या होत्या आणि फक्त सहा १८ च्या. त्याहून बारीक एकही नाही. लाल-पिवळ्या पिसांच्या मात्र भरपूर, कारण फोटोत त्याच उठून दिसतात. हे मला तेव्हा वाचता आलं नाही. मी रंग बघत बसले.

बनावटीचं थोडक्यात सांगते. बऱ्याच गळांचा डोळा (दोरी ओवायचं भोक) वार्निशने बुजलेला निघाला. नदीत उभं राहून, थंडीने आखडलेल्या बोटांनी तो सुईने मोकळा करावा लागतो. दोन फ्लायचा दोरा पहिल्याच माशानंतर उसवला. जूनमध्ये एका चांगल्या रेनबोने ओढ घेतली आणि दोरी सैल पडली. तुटली असेल म्हणून बघितलं, तर गळच सरळ झाला होता. त्या दिवशी मी फार हिरमुसले.

एक गोष्ट मात्र खरी चांगली निघाली: वूली बगर. शेपटीला मऊ पिसाचा झुपका, अंगाला शेनिल धाग्याचे वेढे आणि वरून कोंबड्याचं पीस. पाण्यात ती जळू, छोटा मासा, काहीही वाटू शकते. मे महिन्यात बर्फ वितळून क्लिअर क्रीक चहासारखी गढूळ झाली होती. काठालगतच्या संथ पाण्यातून ऑलिव्ह रंगाची १० नंबरची बगर हळूहळू ओढली आणि आयुष्यातला पहिला ट्राउट लागला. वीतभर ब्राउन, अंगावर लाल ठिपके. गढूळ पाण्यात माशाला बारकावे दिसत नाहीत, तिथे मोठी, हलणारी वस्तू चालते. हे गणित पाणी निवळलं की बदलतं.

ते मला ऑक्टोबरमध्ये कळलं. डेकर्सला ढगाळ दिवस, बारीक भुरभुर, आणि समोर किमान दहा मासे पृष्ठभागावर येऊन काहीतरी टिपत होते. माझ्याकडे संचातली पॅराशूट अॅडम्स ही पाण्यावर तरंगणारी फ्लाय होती, १४ नंबरची. दोन तास टाकत राहिले. मासा वर यायचा, फ्लायच्या खाली बोटभर अंतरावर थांबायचा, तिच्याबरोबर थोडा वाहत जायचा आणि शांतपणे खाली जायचा. शेवटी मी टाकणंच थांबवलं. मुलाच्या फिशटँकची बारीक जाळी पिशवीत होती, ती प्रवाहात आडवी धरली. जाळीत राखाडी-हिरवट मेफ्लाय (पाण्यात वाढणारे छोटे किडे) आल्या, पंख पाठीवर उभे मिटलेल्या. त्यांच्या शेजारी माझी अॅडम्स ठेवली, तर तांदळाच्या दाण्याशेजारी शेंगदाणा. रंग जवळपास तोच होता, ठेवणही बरीचशी तीच. चुकलं होतं ते माप.

पुढच्या आठवड्यात डेन्व्हरच्या दुकानातून तीच पॅराशूट अॅडम्स २० नंबरमध्ये आणली, चार नग, तीन डॉलरला एक. तीच जागा, तसंच आभाळ. तासाभरात चार मासे. संचातल्या एकेका फ्लायच्या सातपट किंमत मोजताना हात आखडला होता, पण त्या चार फ्लायनी मला साठांपेक्षा जास्त मासे दाखवले.

म्हणून माझं मत असं: आधी माप, मग खोली, मग ठेवण आणि सगळ्यात शेवटी रंग. नवशिक्याला दुकानात नेमकं याच्या उलटं सुचतं.

खोलीबद्दल जरा जास्त लिहावंसं वाटतं. ट्राउट वर येऊन खातो ते दृश्य सुंदर असतं, पण त्याचं बहुतेक खाणं पाण्याखाली होतं. मेफ्लायचं जवळजवळ सगळं आयुष्य दगडाखाली अळीच्या रूपात जातं. पंख फुटल्यावर ती एखाददोन दिवसच जगते आणि त्या काळात काही खातही नाही. म्हणून पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय डबीत हवीच. माझी सगळ्यात आवडती फेझंट टेल. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरने ती फक्त फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार वापरून बांधली, दोरासुद्धा नाही. तार वजनही देते आणि बांधूनही ठेवते. इतक्या थोड्या सामानात इतकं काम करणारी वस्तू मला दुसरी माहीत नाही.

दुसरी आरएसटू. ती याच साउथ प्लॅटची. कोरियातून आलेल्या रिम चुंग यांनी ती इथल्या चोखंदळ माशांसाठी तयार केली. अळी पंख सोडवत वर येते, त्या अवस्थेची ती नक्कल. २० आणि २२ नंबरची राखाडी आरएसटू मी आता संपू देत नाही. तिसरी झीब्रा मिज: काळा दोरा, त्यावर चंदेरी तारेचे पट्टे, डोक्याला बारीक मणी. हिवाळ्यात बाकी किडे गायब असतात तेव्हा मिज (चिलटांसारखे बारीक किडे) मात्र असतातच.

पाण्यावरच्या फ्लायमध्ये दोन पुरतात. पहिली अॅडम्स. १९२२ मध्ये मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधलेली, कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही आणि म्हणूनच अनेकांसारखी दिसते. पॅराशूट प्रकारात वर पांढरा तुरा असतो. तो माशासाठी नाही, आपल्यासाठी. चमचमत्या पाण्यात २० नंबरची फ्लाय तुऱ्याशिवाय मला दिसतच नाही. दुसरी एल्क हेअर कॅडिस, १४ आणि १६. कॅडिस या किड्याचे पंख आपल्या कौलारू घराच्या उतरत्या छपरासारखे असतात आणि एल्क या मोठ्या हरणाचे पोकळ केस ती ठेवण तरंगती ठेवतात. खळाळत्या पाण्यात हीच.

वूली बगर धरून या सहा. ऑगस्टमध्ये काठच्या गवतात टोळ उडायला लागले की एखादी फोमची टोळ-फ्लाय घ्यावी, बाकी काही नाही. मात्र प्रत्येक प्रकार दोन-तीन मापांत घ्या आणि एका मापाच्या किमान तीन. झाडांत आणि दगडांत जातातच. २० आणि त्याहून बारीक फ्लायला टिपेट (दोरीच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा बारीक धागा) ६एक्स, १४ ते १८ ला त्याहून जाड ५एक्स. जाड टिपेटवर बारीक फ्लाय मोकळी वाहत नाही. दोरी प्रवाहात ओढली जाऊन फ्लायमागे पाण्यावर रेघ उठली, तर कितीही योग्य फ्लाय असो, मासा घेत नाही. माझे जुलैचे कितीतरी दिवस असे गेले आणि मी दोष फ्लायला देत राहिले.

आई फोनवर विचारते, "अगं, सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला?" तिचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. सोडायचाच असेल तर तो जगला पाहिजे, एवढं तरी माझ्या हातात आहे. म्हणून नवी फ्लाय डबीत जाण्याआधीच गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकते. मासा ओल्या हातानेच धरते, पाण्याच्या वर काढत नाही. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सियसला पोचलं की दोरी गुंडाळून घरी येते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो. छोटा थर्मामीटर फ्लायच्या आधी घ्या.

गेल्या रविवारी रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होता. दुपारी बारा ते दोन एवढाच वेळ मिज निघाल्या. २२ नंबरच्या काळ्या झीब्रावर दोन रेनबो लागले, तिसऱ्याने फ्लायच नेली. डबीत आता तशी एकच उरली आहे. शनिवारी दुकानात जाऊन अर्धा डझन आणायच्या आहेत.