टर्बो बदललाच नाही, ४३,५५० रुपये मात्र गेले

टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, गेलाच नव्हता. ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी होज (नळी) खालच्या अंगाला दोन इंच चिरला होता. होज १,८५०, दोन क्लॅम्प २४०, मजुरी ५००, म्हणजे २,५९० रुपयांचं काम. मी ४३,५५० मोजून आलो. स्वतःच्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर घरी बदलणारा माणूस मी, सोसायटीत लोक मला विचारायला येतात. हे लिहितानाही कान तापतायत.

गाडी १.३ लिटर डिझेल. १,८०० आरपीएमपर्यंत ठीक, त्यापुढे ॲक्सिलरेटर दाबला की ओढच नाही, मागे काळा धूर, बॉनेटखाली फुस्स. वाशी पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रडत होती. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं येतंय, हवा कमी पडतेय. डिझेल फिल्टर चोंदला की ओढ जाते, पण असा धूर येत नाही. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो आणि वेगाचा काटा ४० वरच राहतो. आणि फुस्स म्हणजे दाबाखालची हवा वाटेतच सुटतेय. एवढं सगळं मला कळत होतं, तरी फसलो.

पूर्व उपनगरातल्या त्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी ०२९९. या कोडचा अर्थ बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, कमी मिळतोय एवढाच, टर्बो मेला असा नाही. मग त्याने टर्बोकडे जाणारा पाइप काढला, आत बोट फिरवून तेलकट बोट माझ्यासमोर धरलं. "साहेब, सील गेलं, टर्बो तेल फेकतोय." अहो, ब्रीदरची, म्हणजे इंजिनातल्या तेलाची, वाफ त्याच पाइपात येते, तेलाचा पातळ थर चांगल्या गाडीतही असतो! तळाशी तेल साचलं तर काळजी. पाइप निघालाच आहे तर टर्बोचा शाफ्ट (पात्यांचा दांडा) चिमटीत धरून हलवा: आडवा किंचित खेळ चालतो, आत-बाहेर हलता कामा नये, पात्यांच्या कडा घासलेल्या नकोत. अर्ध्या मिनिटाचं काम. मी केलं नाही, कारण रविवारी आईला साताऱ्याला न्यायचं होतं, वाटेत दोन घाट, आणि जुलैचा पाऊस. माणूस घाईत असला की त्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं बहुतेक.

टर्बो ३२,४००, मजुरी ४,५००, ऑइल आणि फिल्टर ३,२५०, इंजेक्टर क्लीनिंग २,६००, स्कॅनिंग ८००. वीस हजार आधी, बाकी गाडी घेताना, यूपीआयने कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. बिल कच्चं, वहीच्या पानावर. जुना टर्बो मागितला तर म्हणे, "बदल्यात दिला, म्हणून तर तुम्हाला स्वस्त पडला." असा व्यवहार खरंच होतो, म्हणून गप्प बसलो.

आणि तो वास. गाडी घेऊन दोन किलोमीटर गेलो नाही तोच बॉनेटमधून जळक्या रंगाचा वास, थोडा धूर. फोन केला. "नवीन पार्ट आहे साहेब, येणारच." नव्या पार्टवरचं तेल जळतं तेव्हा वास येतो, खरंय. पण हा सरळ सरळ स्प्रे पेंटचा वास होता! टर्बोच्या गरम बाजूला कुठला कारखाना चंदेरी स्प्रे मारतो? तिथेच गाडी वळवायला हवी होती. वळवली नाही. गाडी पळत होती ना!

नऊ दिवस पळाली. दहाव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकने खालून हात घातला आणि होजवरून काळ्या टेपचे सुटलेले वेढे काढले. म्हणजे खरा दोष पहिल्या गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सापडला होता, टेप त्यानेच गुंडाळली. टर्बोच्या ऑइल पाइपच्या बोल्टवर कंपनीत जुळणीवेळी मारलेली पिवळी खूण चंदेरी रंगाखाली अखंड होती. बोल्टला पानाच लागला नव्हता, जुनाच टर्बो रंगवून दिला होता.

टर्बोवरच्या पट्टीवर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर असतो. गाडी देण्याआधी फोटो काढा.

पोलीस चौकीत उत्तर मिळालं, हा दिवाणी मामला. ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का. नाही म्हटल्यावर सूर बदलला. पक्कं बिल देत नाही हीच तर तक्रार आहे, तर म्हणे कर खात्याकडे जा. कर खात्यात तक्रार ऑनलाइन करा, आणि ऑनलाइन तर गॅरेजचा जीएसटी नंबर टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. नंबर असता तर बिल नसतं का मिळालं? तीन अर्ध्या रजा गेल्या. चौकीत दुसऱ्यांदा गेलो तर एकाने विचारलं, "तुम्ही शिकलेले दिसता, मग बघून नाही का घेतलं?"

जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. यूपीआयची नोंद पैसे दिल्याचा पुरावा म्हणून जोडता येते, म्हणून पैसे पाठवताना शेऱ्यात गाडीचा नंबर आणि 'नवीन टर्बो' लिहायचंच. मी नुसतं 'कार' लिहिलं होतं.

गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारा साधा ओबीडी ॲडॅप्टर हजाराच्या आत मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन इंजिनने मागितलेलं आणि मिळालेलं हवेचं प्रेशर बघा, आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे. माझ्या गाडीत मागणी २२०, मिळत होतं ११५ किलोपास्कल. बाहेरच्या हवेचाच दाब शंभराच्या आसपास, म्हणजे बूस्ट नावालाच. असे आकडे आले तर आधी एअर फिल्टर, होज आणि क्लॅम्प तपासायचे, मग टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्चुएटर आणि त्याची नळी, सेन्सर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), आणि सगळ्यात शेवटी टर्बो. होज वरून बघून कळत नाही, चीर दाबाखालीच उघडते. इंजिन गार असताना हात फिरवा, तेलकट काजळी जिथे लागेल तिथेच ती असते.

चिरलेला होज आणि टेप पिशवीत घालून ठेवलाय, आयोगापुढे लागेल. दुसऱ्या मेकॅनिककडून मात्र पक्कं बिल घेतलं, २,५९० चं.