व्हॉइस राखीव ठेवावेत की सामायिक?

गणेशोत्सवात कुडाळ-मालवणकडच्या ऑर्केस्ट्रात एकाच सिंथेसायझरवरून बेस, स्ट्रिंग्ज, बासरी आणि तालवाद्ये काढायची असतील, तर व्हॉइस (सिंथेसायझरला एका वेळी काढता येणारे मूळ आवाज) सामायिक ठेवायचे की प्रत्येक पार्टसाठी, म्हणजे एकेका वाद्याच्या भागासाठी, राखायचे, हे आधीच ठरवावे लागते. रोलँड जेव्ही-१०८० मध्ये १६ पार्ट आणि ६४ व्हॉइस असले, तरी चार टोनांच्या (आवाजाच्या थरांच्या) पॅचमध्ये, म्हणजे वाद्याच्या तयार ध्वनीत, एका स्वराला चार व्हॉइस लागत असल्यामुळे प्रत्यक्षात १६ स्वरच हाती उरतात.

सामायिक वाटपात मांडणीची कटकट नसते आणि साध्या भजनाच्या साथीला ते पुरतेही. मात्र बोट उचलल्यावरही स्वर वाजता ठेवणारे सस्टेन पेडल दाबून धरले की जुने स्वर व्हॉइस अडवून बसतात, आणि नव्या स्वरासाठी आधीचा एखादा मध्येच तुटतो. तो बेसचा निघाला, तर गाण्याचा पायाच सरकतो.

राखीव पद्धतीत बेस आणि तालवाद्यांना किमान व्हॉइसची हमी मिळते. ही कमाल मर्यादा नव्हे. मोकळे व्हॉइस असतील, तर तो पार्ट अधिकही वापरू शकतो. म्हणून ऑर्केस्ट्रासाठी मी राखीव पद्धतच निवडेन, परंतु सर्व ६४ वाटून न टाकता काही मोकळे ठेवेन आणि स्ट्रिंग्जसाठी दोन टोनांचा, कमी रिलीजचा, म्हणजे स्वर सोडल्यावर लवकर विरणारा, पॅच घेईन.