रबाळेचा बॉडी रिपेअर + मोटर क्लेम कोर्स, सहा महिने केला, अनुभव लिहितोय

कोणाला ह्या लाइनमध्ये यायचं असेल तर वाचा, थोडं मोठं झालंय. इन्स्टिट्यूटचं नाव टाकत नाहीये कारण एका तक्रारीवरून त्यांच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे.

मी डिप्लोमा मेकॅनिकल, राहायला कळव्याला. दोन वर्षं झाली एका शोरूमच्या बॉडीशॉपला अॅडव्हायझर आहे, म्हणजे ठोकलेली गाडी आली की विम्याचा क्लेम फॉर्म भरून घ्यायचा, फोटो काढायचे, एस्टिमेट टाकायचं आणि सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) आला की त्याच्याबरोबर गाडीभोवती फिरायचं. पण डेंटर (पत्रा सरळ करणारा) जे पार्ट सांगेल तेच मी टाइप करत होतो, आणि सर्व्हेअरने "हा पार्ट बदली का, रिपेअर का नाही" विचारलं की माझ्याकडे उत्तर नसायचं. म्हणून हा शनिवार-रविवारचा कोर्स लावला. फी ४२ हजार, दोन हप्त्यात.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप चांगलं आहे. पत्रा काम शिकवायला जे काका आहेत त्यांनी आयुष्यभर हातोडा आणि डॉलीच (पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) धरली आहे. पहिले तीन आठवडे त्यांनी आम्हाला एकही गाडी दिली नाही, एक जुनं बॉनेट दिलं आणि सांगितलं डोळे मिटून हात फिरव आणि खड्डा कुठे सुरू होतो ते सांग. मला पहिल्या दिवशी काही कळत नव्हतं, तिसऱ्या आठवड्यात कळायला लागलं. पुट्टी जाड थापून खड्डा लपवलेला त्यांना अजिबात चालत नाही, पत्रा आधी लेव्हलला आणायचा, मगच पुट्टी, ती पण पातळ.

मग एक पुढून ठोकलेली हॅचबॅक घेतली. बाहेरून बघितलं तर बंपर फाटलेला, एक हेडलाइट फुटलेला, बॉनेट थोडं वर, बस. काकांनी आधी आमच्याकडून एस्टिमेट लिहून घेतलं, मग बंपर उतरवायला लावला. आतला क्रॅश बार (बंपरमागची धक्का झेलणारी पट्टी) वाकलेला, रेडिएटर सपोर्ट सरकलेला, आणि ट्रॅमेल गेजने (दोन पॉइंटमधलं अंतर मोजायची पट्टी) इंजिनाच्या जागेचं कर्णाचं माप घेतलं तर दोन्ही बाजूंत फरक, म्हणजे साइड मेंबरपर्यंत (बॉडीच्या बाजूच्या मुख्य बीमपर्यंत) धक्का गेलेला. आजकालच्या बहुतेक कारना वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नसते, बॉडी हीच चॅसी, त्यामुळे धक्का पुढे लागतो आणि दरवाज्याच्या गॅपमध्ये दिसतो. बी-पिलरसारख्या (पुढच्या-मागच्या दरवाज्यांमधला खांब) ठिकाणी हाय स्ट्रेंथ स्टील असतं, त्याला गॅस लावून गरम केलं की ताकद जाते, दिसायला सरळ दिसेल पण पुढच्या अॅक्सिडेंटला आतला माणूस वाचेलच असं नाही. हे ऐकल्यापासून मी माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी पिलरजवळ गॅस नेला की स्वतः जाऊन थांबवतो.

त्या दिवशी मला सप्लिमेंटरी एस्टिमेट, म्हणजे गाडी खोलल्यावर द्यायचं वाढीव एस्टिमेट, काय ते कळलं. आधी मला वाटायचं की वर्कशॉपवाले मागाहून बिल वाढवतात, म्हणून कस्टमर ओरडतो. पण गाडी खोलल्याशिवाय आतलं दिसतच नाही, आणि खोलल्यावर सर्व्हेअरला परत बोलावून दाखवलं नाही तर क्लेममध्ये ते पास होणार नाही.

क्लेमचा भाग मात्र फक्त चार शनिवार होता आणि इथेच मला कोर्स कमी पडला. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः क्लेममध्ये काम केलेल्या, एकदम मुद्द्याचं शिकवलं, पण वेळच नाही दिला त्यांना. घसाऱ्याचा (पार्ट जुना म्हणून क्लेममधून कापतात ती रक्कम) हिशोब त्यांनी जसा शिकवला तसा देतो. समजा गाडी साडेतीन वर्षं जुनी, १५०० सीसीच्या आतली, झिरो डेप (घसारा न कापण्याचं अॅड-ऑन) नाही. बंपर ६,००० चा, प्लास्टिक म्हणून ५० टक्के कटणार, ३,००० गेले. बॉनेट १२,००० चं, मेटलला तीन ते चार वर्षांना २५ टक्के, परत ३,००० गेले. पुढची काच ९,००० ची, काचेला घसारा शून्य. पेंटचं एकत्र बिल १६,००० असेल तर त्यातला २५ टक्के मटेरियल धरतात म्हणजे ४,००० आणि त्याच्यावर ५० टक्के, २,००० गेले. वर १,००० ची कंपल्सरी कपात. एकूण ४३,००० मधले ९,००० कस्टमरच्या खिशातून, फिटिंगचं लेबर आणि जीएसटी बाजूला ठेवून. हे मी आता गाडी आत घेतानाच कागदावर लिहून देतो, डिलिव्हरीच्या दिवशीची भांडणं जवळजवळ बंद झालीत.

पावसाचं पण त्यांनी छान समजावलं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला लोक परत परत सेल्फ मारतात, इंजिनात पाणी ओढलं जातं, पाणी दाबलं जात नाही मग कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्टचं अॅड-ऑन नसेल तर साध्या पॉलिसीत कंपनी ते नाकारते. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, सेल्फ मारू नका, टो करून आणा. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, हे सुद्धा उदाहरण घेऊन करून घेतलं.

आता तक्रारी. एक, पेंट बूथ (स्प्रे मारायची बंद खोली) सहा महिन्यांपैकी अर्धा वेळ बंद, आम्ही शेडमध्ये स्प्रे मारला. मास्क कार्ट्रिजवाले (फिल्टर लावलेले) फक्त तीन आणि आम्ही अकरा जण, बाकीच्यांना कापडी. टू-के पेंटच्या (दोन भाग मिसळून मारायचा पेंट) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो, ते कापडाने थांबत नाही. जिथे हे शिकवलं जातं तिथेच हे व्हावं याचा मला खूप राग आला, बोललो पण, पुढे काही झालं नाही. दोन, ईव्ही आणि एडीएएस (ड्रायव्हरला मदत करणारी कॅमेरा-रडारची सिस्टिम) दोन्ही मिळून एका दुपारी उरकलं. हल्ली अशा गाडीची काच किंवा बंपर बदलला की कॅमेरा, रडारचं कॅलिब्रेशन लागतं आणि ते एस्टिमेटमध्ये धरलं नाही तर गाडी परत येते, याला निदान दोन आठवडे हवेत.

तीन, आणि ज्यावरून बोलणं चालू आहे ती हीच. जाहिरातीत "सर्व्हेअर लायसन्स" असं लिहिलंय, ते चूक आहे. लायसन्स इरडाच (विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) देतं, त्याच्यासाठी डिप्लोमा किंवा डिग्री लागते, लायसन्सवाल्या सर्व्हेअरच्या हाताखाली ट्रेनिंग लागतं आणि परीक्षा वेगळी, ती इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया घेतं. मोटरचा क्लेम ५० हजारांच्या पुढे गेला की लायसन्सवाला सर्व्हेअर लागतोच, त्यामुळे हे काम आहे, पण ह्या सर्टिफिकेटवर ते मिळत नाही. आमच्या बॅचमधल्या एका मुलीने फक्त ह्या एका ओळीसाठी कर्ज काढून फी भरली होती. तिला निदान अर्धी फी परत द्या अशी आमची मागणी आहे.

तरी मी हा कोर्स लावा असंच सांगेन, पण बॉडीशॉपला आधीच असाल तर. एकदम नवीन, दहावीनंतरचा मुलगा असेल तर सरकारी आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग हे एक वर्षाचे ट्रेड आहेत, फी खूपच कमी, आधी ते बघा. आणि इन्शुरन्सकडेच जायचं असेल तर इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसन्शिएट परीक्षा (सर्व्हेअर लायसन्सपेक्षा वेगळी) नोकरी करत देता येते, मी आता तीच भरतोय.

रबाळे स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळते, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांना सोपं आहे. बॅच सकाळी ९ ची घ्या, काका सकाळीच असतात. कार्ट्रिजवाला मास्क स्वतःचा घेऊन जा.